मायमाचें माळरान

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा नकाशा डोळ्यांपुढें आणला तर वायव्येच्या कोपऱ्यांत, कॅनडाच्या सरहद्दीला लागून, वॉशिंग्टन नांवाचें राज्य दिसतें. त्या देशाच्या राजधानीचें वॉशिंग्टन शहर निराळें. तें पार दुसऱ्या टोंकाला, अटलांटिक महासागराच्या बाजूस आहे. हें वॉशिंग्टन पॅसिफिकच्या कांठचें, पावसाचें आणि सूचिपर्णी वृक्षांच्या घनदाट अरण्यांचें. या राज्यांत प्यूजेट नांवाची एक लांबच लांब खाडी जमिनींत शिरली आहे. खाडीच्या दक्षिण टोंकाशीं ऑलिंपिया हें राज्याच्या राजधानीचें शहर असून, तेथून दहाबारा मैल नैर्ऋत्येकडे गेलें कीं अरण्य एकाएकीं संपतें आणि गवताचा मोकळा माळ लागतो. त्या माळाचें नांव मायमा.

माळ म्हटला कीं दृष्टि पोंचेल तेथवर पसरलेली सपाट जमीन आपल्या डोळ्यांपुढें येते. मायमाचा माळ मोकळा आहे, पण सपाट मुळींच नाहीं. खळ्यावर धान्याच्या राशी घालून ठेवाव्या तशीं मातीचीं गोल, गुळगुळीत टेंकाडें त्यावर एकाशेजारीं एक अशीं उभीं आहेत. कांहीं गुडघ्याएवढीं, तर कांहींच्या मागें उंच माणूसहि दिसेनासा व्हावा एवढीं मोठीं. मोठ्यांचा तळ तीसचाळीस फूट रुंद असतो. घडण मात्र सर्वांची सारखी: माथा वाटोळा, उतार सौम्य, आणि दोहोंच्या मध्यें गोट्यांनीं भरलेली सखल जागा. हीं टेंकाडें एकदोन नव्हेत, शेंकडोंनीं मोजावीं लागतात. १९६६ सालीं अमेरिकन सरकारनें राष्ट्रीय महत्त्वाच्या नैसर्गिक स्थळांत मायमाची गणना केली आणि १९७६ सालीं राज्य सरकारनें तेथील जमिनीचें संरक्षित क्षेत्र केलें. आज त्याचा विस्तार सुमारें ६३७ एकर आहे.

संरक्षित क्षेत्र हे शब्द ऐकतांच भोंवतीं कुंपण, दारावर पाटी आणि आंत कोणीं कशाला हात लावूं नये असा नियम, एवढेंच चित्र बहुतेकांच्या मनांत उभें राहतें. मायमाची हकीकत या चित्राला धक्का देणारी आहे. हा माळ कोणीं हात न लावतां सोडून दिला असता तर तो केव्हांच नाहींसा झाला असता. तें कसें, हें समजण्यासाठीं आधीं टेंकाडांचें कोडें, मग गवताचें कोडें आणि शेवटीं एका चिमुकल्या फुलपांखराचें कोडें, अशा क्रमानें गेलें पाहिजे.

१८४१ सालीं अमेरिकन आरमाराची एक शोधक तुकडी या किनाऱ्यास लागली. तिचा नायक चार्ल्स विल्क्स हा होता. टेंकाडें पाहतांच त्याची अशी समजूत झाली कीं हीं कोणा प्राचीन लोकांचीं थडगीं असावींत. त्यानें माणसें लावून कांहीं टेंकाडें खणविलीं. हाडें नाहींत, भांडीं नाहींत, दागिने नाहींत. वर काळी माती आणि तळाशीं गोल दगडांची जणू फरसबंदी, एवढेंच काय तें हातीं आलें. थडग्यांची कल्पना तेथेंच संपली. कोडें मात्र राहिलें. पुढें १८४७ सालीं पॉल केन हा कॅनडाचा चित्रकार या बाजूला आला व त्यानें या चमत्कारिक माळाचें चित्र काढून ठेविलें.

यानंतर विद्वानांनीं जे तर्क लढविले त्यांचें वर्णन मनोरंजक आहे. लुई आगासीझ हा त्या काळचा नामांकित प्राणिशास्त्रज्ञ. माशांच्या विषयांत तर त्याचा शब्द प्रमाण मानीत. त्यानें प्रत्यक्ष स्थळ न पाहतांच सांगून टाकलें कीं हीं माशांनीं बांधलेलीं घरटीं आहेत! ज्याच्या हातांत जें शस्त्र असेल तेंच तो चालवितो, हें विद्येच्या प्रांतांतहि खरें आहे. जोसेफ लकाँट या भूगर्भशास्त्रज्ञानें वेगळें सांगितलें. पाण्यानें भोंवतालची माती वाहून नेली आणि झुडपांच्या मुळांनीं जेथें ती धरून ठेविली तेथें तेवढा उंचवटा उरला, असें त्याचें मत होतें. कोणी म्हणाले, हिमयुगाच्या थंडीनें जमिनीला चौकटीचौकटीनें भेगा पडल्या, त्यांत बर्फ भरला, पुढें बर्फ वितळून भेगांच्या कडा झिजल्या आणि मधले तुकडे वाटोळे होऊन उरले. १९९० सालीं अँड्र्यू बर्ग या भूगर्भशास्त्रज्ञानें तर भूकंपाला पुढें केलें. फळीवर हातोडा मारीत असतां तिच्यावरील बारीक धूळ कंपनानें आपोआप लहान लहान ढिगाऱ्यांत गोळा होते, हें त्याच्या ध्यानांत आलें. तसेंच भूकंपाच्या लाटांनीं कठीण थरावरील सैल मातीचें झालें असावें, असा त्याचा सिद्धान्त.

या साऱ्या मोठमोठ्या शक्तींच्या रांगेंत एक उमेदवार अगदीं क्षुद्र आहे. त्याचें नांव गोफर. घुशीसारखा, पण तिच्याहून लहान, जन्मभर जमिनीखालीं राहून बिळें खणणारा हा प्राणी आहे. त्याच्या गालांना बाहेरच्या बाजूनें केंसाळ पिशव्या असतात व त्यांत मुळें, कंद भरून तो आपल्या कोठारांत नेतो. १९४२ सालीं वॉल्टर डॅलक्वेस्ट व व्हिक्टर शेफर या दोघां प्राणिशास्त्रज्ञांनीं असें प्रतिपादन केलें कीं मायमाचीं टेंकाडें हें या गोफरांच्या असंख्य पिढ्यांचें काम आहे.

ही कल्पना प्रथम हंसण्यावारी नेण्यासारखी वाटते. पण तिच्यामागील पुरावा विचार करण्याजोगा आहे. टेंकाडाच्या मातींत जे खडे सांपडतात ते सर्व लहान, गोफराच्या बिळांतून सरकूं शकतील एवढेच असतात. त्याहून मोठे गोटे टेंकाडाच्या तळाशीं व दोन टेंकाडांच्या मधल्या सखल जागेंत राहिलेले दिसतात. विल्क्सला लागलेली गोल दगडांची फरसबंदी ती हीच असावी. जें उचलवलें नाहीं तें खालीं राहिलें! पुढें जॉर्ज कॉक्स या शास्त्रज्ञानें कॅलिफोर्नियांतील अशाच टेंकाडांच्या मातींत खुणेचे बारीक तुकडे मिसळून ते कोणीकडे जातात याचा माग काढला. सामान्यतः उकरलेली माती उताराकडे जावी. पण गोफर ती टेंकाडाच्या मध्याकडे, म्हणजे चढाकडे ढकलतात, असें त्याला आढळून आलें. ओल्या, उथळ जमिनींत राहणाऱ्या प्राण्याला कोरडी व खोल जागा हवी असते. थोडा उंचवटा मिळाला कीं तो तेथें घर करतो, आणि घर केलें कीं उंचवटा वाढत जातो. २०१४ सालीं इमॅन्युएल गॅबेट व त्याचे सहकारी यांनीं हें सर्व गणित संगणकावर मांडून पाहिलें, तेव्हां पांच ते सात शतकांत मायमासारखीं टेंकाडें उभीं राहूं शकतात असा निष्कर्ष निघाला. मुंग्या-वाळवी यांचें काम पाहिलेल्या देशाला हें नवल वाटूं नये. दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिम भागांत अशींच पसरट टेंकाडें आहेत आणि त्यांचें श्रेय बरेच शास्त्रज्ञ वाळवीलाच देतात.

तरीहि वाद पूर्णपणें मिटलेला नाहीं. टेंकाड उभें राहतांना आरंभापासून अखेरपर्यंत कोणीं पाहिलेलें नाहीं. तेवढें आयुष्य मनुष्याला नाहीं. निश्चित आहे तें टेंकाडांच्या खालचें. सुमारें सोळासतरा हजार वर्षांपूर्वीं उत्तरेकडून आलेली हिमनदी या प्रदेशावर पसरली होती. आज जेथें सिअॅटल शहर आहे तेथें तिची जाडी सुमारें तीन हजार फूट होती. मायमाच्या आसपास तिचें दक्षिणेकडचें टोंक होतें. हवा बदलली, बर्फ वितळला, आणि वितळलेल्या पाण्याच्या लोंढ्यांनीं गोटे व वाळू यांचे थर पसरून ही सपाटी तयार केली. मायमाचा माळ म्हणजे त्या हिमनदीनें जातांना मागें टाकलेली खडकाळ गादी होय.

येथें दुसरें कोडें सुरू होतें. अशा गोट्यांच्या जमिनींत पाणी ठरत नाहीं. उन्हाळ्यांत ती लवकर सुकते आणि गवताला तें मानवतें, हें खरें. पण ऑलिंपियाला वर्षाकाठीं सुमारें पन्नास इंच पाऊस पडतो, आणि माळाच्या चारी अंगांनीं डग्लस-फर हा उंच सूचिपर्णी वृक्ष टपून बसलेला आहे. त्याचें बीं वाऱ्यावर येतें, गोट्यांतहि रुजतें. मग हा माळ हजारों वर्षें अरण्याच्या घशांत कसा गेला नाहीं?

याचें उत्तर विस्तव हें आहे. आणि तो विस्तव बहुतांशीं माणसांनीं लावलेला होता. चेहालिस, निस्क्वाली, कौलिट्झ इत्यादि मूळच्या रहिवाशांच्या जमाती ठराविक काळानें हे माळ पेटवीत. आग गवतावरून झपाट्यानें पुढें जाई. जमिनींतील कंदांना व मुळांना तिची झळ फारशी लागत नसे. वृक्षांचीं कोंवळीं रोपें मात्र जळून जात. मागाहून राखेंतून कोंवळें गवत येई, त्यावर हरणें येत, आणि पुढच्या वसंतांत माळ निळ्या फुलांनीं भरून जाई.

तीं निळीं फुलें कॅमस नांवाच्या कंदवनस्पतीचीं. एप्रिल-मेच्या सुमारास मायमाचा माळ तिनें निळा होतो. तिचा कांद्यासारखा कंद हें या लोकांचें एक मुख्य अन्न होतें. स्त्रिया टोंकदार काठीनें तो उकरीत. मोठे कंद घेत आणि लहान पुन्हां मातींत लोटीत. कंद कच्चा खाल्ला तर पचत नाहीं. म्हणून जमिनींत खड्डा करून, तापलेल्या दगडांवर पानें अंथरून, त्यांत तो झांकून एकदोन दिवस भाजीत ठेवीत. तेव्हां त्यांतील न पचणाऱ्या पिठाची साखर होऊन तो गोड लागे. कॅमसच्याच सोबतीला पांढऱ्या फुलांची एक विषारी वनस्पति उगवते. दोहोंचे कंद दिसावयास सारखे. म्हणून फुलें असतांनाच विषारी रोपें ओळखून उपटून टाकण्याची चाल होती. आग, निंदणी, निवड, राखण हीं सर्व कामें येथें होत होतीं. नांगर फिरलेला दिसला नाहीं म्हणून बाहेरून येणारांनीं या भूमीला आपोआप उगवलेलें रान समजावें, ही त्यांची दृष्टिभूल होती.

त्या दृष्टिभुलीचे परिणाम फार खोल झाले. १८४० च्या सुमारास इंग्रजी व्यापारी कंपनीचीं गुरेंमेंढरें या माळांवर चरूं लागलीं. मागोमाग अमेरिकन वसाहतवाले आले. अरण्य तोडण्याचे कष्ट न घेतां मिळणारी मोकळी जमीन त्यांना आयतीच सांपडली. १८५४ सालच्या डिसेंबरांत गव्हर्नर आयझॅक स्टीव्हन्स यानें मेडिसिन क्रीक येथें निस्क्वाली व शेजारच्या जमातींशीं तह केला. त्या तहान्वये निस्क्वालींना खाडीकांठची उंच, झाडींनीं भरलेली थोडीशी जागा मिळाली. त्यांचे घोडे जेथें चरत ते माळ आणि नदीकांठची भूमि त्यांच्या हातून गेली. लेशाय नांवाच्या त्यांच्या पुढाऱ्यानें याविरुद्ध शस्त्र उचललें. पुढें तो पकडला गेला व १८५८ सालीं त्याला फांशीं देण्यांत आलें. २००४ सालीं, म्हणजे जवळजवळ दीडशें वर्षांनीं, वॉशिंग्टन राज्यांतील न्यायाधीशांच्या एका खास ऐतिहासिक न्यायसभेनें तो निर्दोष होता असा निर्णय दिला. चेहालिस लोकांनीं स्टीव्हन्सच्या अटी मान्यच केल्या नाहींत. त्यांना १८६४ सालीं सरकारी आज्ञेनें राखीव जागा नेमून देण्यांत आली.

माणसें माळापासून दूर झालीं आणि विस्तवहि विझला. नव्या वसाहतवाल्यांना आग म्हणजे केवळ संकट वाटे. कित्येक शतकें दबून राहिलेला डग्लस-फर आतां निर्धास्तपणें पुढें सरकूं लागला. त्याच्या जोडीला युरोपांतून शोभेसाठीं आणलेलें पिवळ्या फुलांचें ब्रूम हें झुडूप आलें. त्याचें बीं जमिनींत वर्षानुवर्षें जिवंत राहतें, आणि एकदां त्यानें जागा धरली कीं खालचीं लहान फुलें सांवलींत गुदमरून जातात. राहिलेल्या जमिनीवर शेतें, घरें, रस्ते झाले. गोट्यांच्या थरावर खडीच्या खाणी निघाल्या. खाडीच्या दक्षिणेस एके काळीं सुमारें दीड लाख एकर माळ होता. त्यांतला मूळच्या वनस्पतींसह टिकून राहिलेला भाग आज शेंकडा तीनहूनहि कमी आहे.

या कमी होत गेलेल्या माळांवर जीं फुलपांखरें अवलंबून होतीं त्यांची स्थिति काय झाली असेल याची कल्पना करतां येईल. फुलपांखराचा संसार फार आखीव असतो. मध कोणत्याहि फुलांतला चालेल. पण अंडीं घालावयाचीं तीं ठराविक झाडावरच, कारण सुरवंट दुसरें कांहीं खात नाहीं. येथील प्यूजेट ब्लू या निळ्या फुलपांखराला ल्युपिन हें शेंगांचें रोप लागतें. त्याच्या सुरवंटाच्या अंगांतून पाझरणाऱ्या गोड रसासाठीं मुंग्या त्याच्या भोंवतीं फिरतात व त्याची राखणहि करतात. रुपेरी ठिपक्यांच्या एका जातीचा सुरवंट जांभळ्या व्हायोलेटवर पोसतो. मार्डन नांवाचें तपकिरी, बोटाच्या पेराएवढें फुलपांखरूं येथील मूळच्या झुबकेदार गवतावर अंडीं घालतें. गवत गेलें, व्हायोलेट गेलें, कीं त्यांच्यावर जगणारें पांखरूंहि गेलें.

सर्वांत कठीण अवस्था झाली ती टेलरच्या चेकरस्पॉटची. नांवाप्रमाणेंच याच्या पंखांवर नारिंगी, काळे व पांढरे चौकोन सोंगट्यांच्या पटासारखे मांडलेले असतात. पंख पसरले तरी रुंदी दोन-सवादोन इंचांच्या आंतच. एप्रिलच्या अखेरीपासून मेपर्यंत हें उडतें. एकेकाचें उडतें आयुष्य आठ-पंधरा दिवसांचें. पण वर्षाचे बाकीचे महिने त्याचा सुरवंट जमिनीलगत काढतो. अंड्यांतून बाहेर पडल्यावर तो अधाशासारखा खातो; जुलैच्या सुमारास माळ सुकला कीं पालापाचोळ्यांत शिरून निपचित पडतो; आणि फेब्रुवारीच्या थंडींत, कोंवळीं पानें फुटतांच, पुन्हां जागा होऊन खाऊं लागतो. म्हणजे पंखांच्या दोन आठवड्यांसाठीं जमिनीनें त्याला पन्नास आठवडे सांभाळावें लागतें. एके काळीं कॅनडापासून ऑरेगनपर्यंत सत्तरांहून अधिक ठिकाणीं दिसणारें हें फुलपांखरूं अखेर मोजक्या जागीं उरलें, आणि २०१३ सालीं अमेरिकन सरकारनें नामशेष होऊं घातलेल्या जातींच्या यादींत त्याची नोंद केली.

आतां त्या मोजक्या जागांपैकीं सर्वांत महत्त्वाची जागा कोणती असावी? श्रोत्यांना वाटेल, एखादें शांत, निर्मनुष्य वन. ती जागा आहे तोफांच्या माऱ्याचें मैदान! १९१७ सालीं, पहिल्या महायुद्धाच्या वेळीं, अमेरिकन सैन्यासाठीं येथें लुईस छावणी उभारण्यांत आली. तिच्यासाठीं निस्क्वालींच्या राखीव जमिनींपैकीं सुमारें दोन तृतीयांश जमीनहि काढून घेण्यांत आली, ही कटु गोष्ट सांगितलीच पाहिजे. पुढें छावणीच्या माळावर तोफांचा सराव सुरू झाला. गोळे फुटत, गवत पेटे, आणि आग माळभर धांवे. घरें बांधण्यास कोणी धजेना, नांगर धरण्यास कोणी जाईना, डग्लस-फरचीं रोपें जळत राहिलीं. पूर्वींचे लोक जें काम विचारपूर्वक करीत तेंच तोफांनीं नकळत चालूं ठेविलें. खाडीच्या दक्षिणेकडील माळांपैकीं सर्वांत मोठा शिल्लक माळ या छावणींत आहे आणि तेथेंच चेकरस्पॉट टिकून राहिलें.

यावरून युद्धसामग्री फुलपांखरांना हितकर असते असा अर्थ कोणीं काढूं नये. गोळा पडला त्या जागचीं पांखरें गेलींच. पण बाहेरच्या जगांत कुरणांवर घरें उठत होतीं, आणि जेथें घरें उठलीं नाहींत तेथें अरण्य चढत होतें. या दोन्हींच्या मानानें अधूनमधून लागणारी आग माळाच्या जीवाला कमी घातक ठरली. संशोधकांनीं यांतून धडा घेतला तो असा: माळाला आग हवी, पण ती मोजून-मापून हवी.

आज मायमा व आसपासचे राखीव माळ पाहणारे लोक तसेंच करतात. उन्हाळ्याच्या अखेरीस, वारा व ओलावा पाहून, माळाचा एखादा तुकडा पेटवितात. सगळा माळ एकदम कधींच पेटवीत नाहींत. एक तुकडा जळाला तरी शेजारच्या न जळलेल्या तुकड्यांत सुरवंट सुरक्षित राहावे आणि पुढच्या वर्षीं तेथून त्यांनीं नव्या गवताकडे यावें, ही त्यांतली योजना आहे. फरचीं झाडें कापतात, ब्रूम हातांनीं उपटतात किंवा यंत्रानें छाटतात. मूळच्या गवताफुलांचें बीं रोपवाटिकेंत वाढवून पुन्हां पेरतात. यांत सैन्यखात्याचाहि पैसा आहे. दुर्मिळ जीव एकट्या छावणींतच उरले तर सरावावर बंधनें येणार. तेव्हां छावणीबाहेरचे माळ नांदते राहावे यांत त्या खात्याचें हित आहेच. हेतु कांहींहि असो, माळाला त्याचा उपयोग झाला.

फुलपांखरें वाढविण्याच्या कामांत तर आणखी अनपेक्षित हात लागले. पोर्टलंड येथील ऑरेगन प्राणिसंग्रहालयानें चेकरस्पॉटची बंदिस्त पैदास आधीं सुरू केली होती. २०११ सालीं मिशन क्रीक येथील स्त्रियांच्या कारागृहांत तशीच एक कांचघराची सोय करण्यांत आली. एव्हरग्रीन या सरकारी महाविद्यालयाच्या मार्गदर्शनाखालीं तेथील बंदी स्त्रियांनीं पुढें कित्येक वर्षें हें काम केलें. अंडीं मोजणें, सुरवंटांना रोज ताजीं पानें घालणें, त्यांची झोंप केव्हां लागली व केव्हां मोडली हें टिपणें, मादीपुढें निरनिराळीं रोपें ठेवून ती कोणतें पसंत करते याची नोंद ठेवणें, असें तें चिकाटीचें काम होतें. अशा रीतीनें वाढविलेले हजारों सुरवंट वसंताच्या तोंडाशीं मोकळ्या माळांवर नेऊन सोडण्यांत आले. ज्यांना स्वतःला दाराबाहेर जातां येत नव्हतें त्यांच्या हातचीं फुलपांखरें माळावर उडालीं. पण हा योगायोग बाजूला ठेवला तरी त्यांच्या नोंदींचा शास्त्राला झालेला उपयोग स्वतंत्रपणें मोलाचा आहे.

या खटपटींचें फळ दिसूं लागलें आहे काय? एका वनस्पतीच्या बाबतींत तरी निश्चित दिसलें. चेकरस्पॉटच्या सुरवंटाला पेंटब्रश नांवाचीं, रंगांत बुडविलेल्या कुंचल्यासारखीं दिसणारीं रोपें खाण्यास लागतात. त्यांतील सोनेरी जाति १९९७ सालीं धोक्यांतील वनस्पतींच्या यादींत घालावी लागली होती. बीं गोळा करून, रोपें लावून, माळ जाळून-निंदून ती इतकी वाढली कीं २०२३ सालीं तिचें नांव यादींतून काढण्यांत आलें. फुलपांखराचें नांव मात्र अजून यादींत आहे. गोफरहि सुटलेला नाहीं. ज्याच्या पूर्वजांना टेंकाडें उभारल्याचें श्रेय दिलें जातें त्या माझामा गोफरच्या या भागांतील चार उपजाती २०१४ सालीं धोक्यांत म्हणून नोंदल्या गेल्या.

मायमाचीं टेंकाडें मातीचीं आहेत; तीं जंगल माजलें तरी झाडांखालीं कांहीं काळ उभीं राहतील. माळ मात्र तसा उरणार नाहीं. तो दर पिढीनें नव्यानें राखावा लागतो, आणि राखणारे हात थांबले कीं साठ-सत्तर वर्षांत त्याचें अरण्य होतें. अरण्य वाईट म्हणून नव्हे. अरण्य त्या राज्यांत मुबलक आहे, माळ थोडा आहे. निसर्गाला त्याच्या मर्जीवर सोडलें म्हणजे झालें, हा विचार ऐकण्यास उदात्त वाटतो. पण जेथें हजारों वर्षें माणसाचा हात निसर्गाच्या हातांत गुंतलेला होता तेथें तो हात काढून घेणें म्हणजे अर्धी व्यवस्था मोडून टाकणें होय. कोणती जमीन सोडून द्यावयाची आणि कोणती हातीं धरावयाची, हें त्या जमिनीचा पूर्वेतिहास वाचूनच ठरवावें लागतें. तो वाचण्यासाठीं तेथें आधीं राहणाऱ्या माणसांचेंहि ऐकून घ्यावें लागतें.

मायमाला आज प्रवासी जातात. टेंकाडाच्याच घाटाची एक छोटी वाटोळी इमारत तेथें बांधलेली आहे. तिच्यांत उभें राहून माळाची माहिती वाचतां येते व वरून टेंकाडांचा पसारा पाहतां येतो. तेथून पुढें आंखलेली पायवाट टेंकाडांच्या मधून जाते. वाट सोडूं नये अशी विनंती असते, आणि तिचें कारण साधें आहे: गवतांत पाऊल कोठें पडतें हें चालणाराला दिसत नाहीं, आणि वर्षांतले दहा-अकरा महिने माळावरचीं फुलपांखरें पंखांवांचून तेथेंच, पावलाखालच्या पाचोळ्यांत असतात.